पियानो आणि वाद्यवृंद : ऐकण्यापूर्वी व ऐकल्यानंतर

आमच्या खानदेशाने पाश्चात्य वाद्ये पाहिलीच नाहीत, असे कोणास म्हणता येणार नाही. लग्नसराईत जळगावच्या किंवा धुळ्याच्या कोणत्याही रस्त्यावर सायंकाळी क्षणभर उभे राहावे. वरातीपुढे झगझगीत डगले घातलेले बँडवाले क्लॅरिनेट, ट्रंपेट आणि भला मोठा ढोल वाजवीत चाललेले दृष्टीस पडतात. उपासनामंदिरात पेटी असते, ती तर पुरी स्वदेशी झाली आहे. तथापि ‘सिंफनी’ म्हणजे काय, असे वर्गात विचारले असता एका विद्यार्थ्याने उत्तर दिले, “सर, सिनेमात मारामारी चालू असताना मागे वाजते ते.” वर्ग हसला. आम्ही हसलो नाही, कारण उत्तर अर्धे बरोबर होते. ते कसे, हे पुढे येईल.

एका फेब्रुवारी महिन्यात नववीच्या अकरा विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही मुंबईस नरीमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स या संस्थेत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाचे वादन ऐकावयास गेलो होतो. धुळ्याच्या आमच्या एका स्नेही शिक्षकांनी आपले सहा विद्यार्थी चाळीसगाव जंक्शनवर आमच्या स्वाधीन केले. जाण्यापूर्वी आम्ही मुलांस जो पाठ दिला तो आणि परतताना आम्हांस जो मिळाला तो, असे दोन्ही येथे लिहून ठेवीत आहो.

प्रथम मुंबईविषयी थोडे सांगावयास हवे. या नगरीत मेहली मेहता (१९०८–२००२) या पारशी व्हायोलिनवादकाने १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढे जगभर वृंदसंचालक म्हणून कीर्ती मिळविणारे झुबिन मेहता हे त्यांचेच पुत्र. त्यांचा जन्म १९३६ सालचा. त्याच सुमारास नात्सींच्या जाचामुळे मध्य युरोपात राहणे अशक्य झालेले वॉल्टर काउफमान हे ज्यू संगीतकार मुंबईत आले. सकाळी आकाशवाणी सुरू होताना तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनची जी धून आपण ऐकतो, ती त्यांचीच रचना मानली जाते. आपल्या आजोबांच्या सकाळी ज्या धुनीने सुरू झाल्या, ती एका निर्वासिताची होती, हे कळल्यावर वर्ग काही वेळ शांत झाला.

तिसरा वाटा गोव्याचा. पोर्तुगीज अमदानीत तेथील देवळांशी जोडलेल्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. त्या शाळांतून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत व हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत पसरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांतील एक. त्यांनी १९५८ साली भारतीय राग आणि पाश्चात्य वाद्यमेळ यांची सांगड घालणारा एक मोठा वाद्यवृंद उभा केला व त्यात लता मंगेशकर आणि मन्ना डे यांस गावयास बोलाविले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे व्हायोलिनचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील गाण्यात शिष्याने गुरूचे नाव अमर करून ठेवले, हे सांगताच मागच्या बाकांवरून ते गाणेच सुरू झाले. असो. मारामारीमागे जे वाजते ते या मंडळींनी वाजविलेले असे. म्हणून आमच्या विद्यार्थ्याचे उत्तर अर्धे बरोबर होते.

आजचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा २००६ सालचा. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांनी तो स्थापिला. वर्षातून मुख्यत्वे दोन वेळा, फेब्रुवारीच्या व सप्टेंबरच्या सुमारास, त्याचा हंगाम असतो. वादकांत भारतीयांबरोबर परदेशी वादकही पुष्कळ असतात, आणि हे काही जणांस खटकते. आम्हांस ते तितकेसे खटकत नाही. शाळा प्रथम बाहेरच्या शिक्षकांनी चालविल्या आणि पुढे त्याच शाळांतून आमचे शिक्षक निघाले, हे आम्ही आमच्याच पेशात पाहिले आहे. या संस्थेची स्वतःची संगीतशाळा आहे व तीत लहान मुले शिकत आहेत. परिणाम दिसावयास काळ लागेल, इतकेच.

आता वाद्यवृंदाच्या रचनेविषयी. प्रेक्षकांच्या डाव्या हातास व्हायोलिने, मध्याकडे व उजवीकडे त्यांचीच मोठी भावंडे व्हिओला व चेलो, आणि कडेला पुरुषभर उंचीचे डबल बेस. त्यांच्यामागे लाकडी फुंकवाद्ये, म्हणजे बासरीचे विलायती रूप फ्लूट, सनईच्या कुळातील ओबो, क्लॅरिनेट आणि बसून. त्यांच्यामागे पितळी वाद्ये व शेवटी नगाऱ्यांसारखी टिंपनी. हे कोष्टक पाठ करण्यात काही अर्थ नाही. तेथे गेल्यावर डोळे ते आपोआप शिकतात.

पण मध्ये उभा राहून हात हलविणारा मनुष्य काय करतो, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारते. तो तर काहीच वाजवीत नाही! यास आम्ही जळगावच्या कार्तिकी एकादशीच्या रथाचा दाखला दिला. रथ ओढावयास शेकडो हात असतात. परंतु तो कोठे थांबावा, कोठे वळावा, उतारावर किती धावावा हे चाकाखाली लाकडी मोगरी लावणारे ठरवितात. ते रथ ओढीत नाहीत, आणि त्यांच्यावाचून रथ एक गल्ली धड पार करणार नाही. वृंदसंचालकाच्या हाती मोगरीऐवजी काडी असते, एवढाच भेद. त्याचे खरे काम तालमीतच झालेले असते. कार्यक्रमात आपण पाहतो ती त्याची केवळ आठवण.

पियानोकडे वळू. येथे आम्ही वर्गात सर्वांत अधिक वेळ घालविला आणि त्याचा पश्चात्ताप होत नाही. पेटीतून सूर निघतो तो भात्याच्या वाऱ्याने धातूची पात कंप पावते म्हणून. जोवर वारा आहे आणि बोट पट्टीवर आहे, तोवर सूर टिकतो. पियानोत वारा नाही. पट्टी दाबली म्हणजे आतील नमद्याने मढविलेली हातोडी उडते, तारेवर आदळते आणि बोट पट्टीवर तसेच असले तरी आपण होऊन मागे पडते. मागे न पडती, तर तारेलाच चिकटून सूर मारून टाकती. बोट उचलताच नमद्याची एक लहानशी गादी तारेवर बसते व आवाज थांबतो. इ.स. १७०० च्या सुमारास इटलीत फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने ही युक्ती साधली. त्यापूर्वीच्या हार्प्सिकॉर्ड वाद्यात तार खुडली जाई. बोट हळू पडो की जोराने, आवाज जवळजवळ सारखाच. नव्या वाद्यात हळू वाजविले तर हळू आणि जोराने वाजविले तर मोठे वाजू लागले, म्हणून त्याचे नावच ‘हळू-मोठा’ अशा अर्थाचे पियानोफोर्ते असे पडले.

सभागृहातील मोठा पियानो सुमारे नऊ फूट लांब असतो. त्यास ८८ पट्ट्या व सव्वादोनशेच्या वर तारा असतात. कारण वरच्या बहुतेक सुरांस प्रत्येकी तीन तारा लावाव्या लागतात. या सर्व तारांचा मिळून ताण सुमारे वीस टन भरतो. तो लाकडास पेलवत नाही, म्हणून आत ओतीव लोखंडाची चौकट बसविलेली असते. एवढा खटाटोप करूनही एक उणीव राहतेच: पियानोचा प्रत्येक सूर जन्मतःच मरू लागतो. हातोडीचा आघात झाला की त्या क्षणापासून आवाज उतरत जातो आणि जगातील कोणताही वादक तो पुन्हा फुगवू शकत नाही. व्हायोलिनवाल्यास गज आहे, ओबोवाल्यास श्वास आहे, पेटीवाल्यास भाता आहे. पियानोवाल्यास काहीही नाही. तथापि तो गाण्याचा आभास निर्माण करतो. मरणाऱ्या सुराच्या शेपटीवर पुढचा सूर किती हलक्या हाताने ठेवावा, यात त्याची सारी विद्या आहे. आम्ही स्वतः रविवारी पेटी वाजवितो. सूर धरून ठेवणे इतके सोपे असल्याने ही गोष्ट आमच्या कधी ध्यानीच आली नव्हती.

एकटे वाद्य आणि संपूर्ण वृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनेस कन्चेर्टो म्हणतात. तिचे साधारणतः तीन खंड असतात. त्या संध्याकाळी पाहुणे पियानोवादक बेथोव्हेनचा चौथा कन्चेर्टो वाजविणार होते.

लुडविग फान बेथोव्हेन (१७७०–१८२७) याचे नाव विद्यार्थ्यांनी ऐकलेले असते ते त्याच्या बहिरेपणामुळे. पंचविशी उलटल्यावर त्याची श्रवणशक्ती क्षीण होऊ लागली. १८०२ साली व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यातून त्याने आपल्या भावांस लिहिलेले एक पत्र त्याच्या मृत्यूनंतर सापडले. जीव देण्याचा विचार मनात आला होता व केवळ कलेने आपणास मागे खेचले, असा त्याचा आशय आहे. चौथा कन्चेर्टो त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतला. त्याचे पहिले सार्वजनिक वादन २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नाच्या ‘थिएटर आन डेर वीन’ या नाट्यगृहात झाले. पियानोवर बेथोव्हेन स्वतः होता. कार्यक्रम चार तासांचा, नाट्यगृह कडाक्याच्या थंडीने गारठलेले, तालमी अपुऱ्या. पाचवी व सहावी सिंफनी त्याच रात्री प्रथम लोकांनी ऐकली. शेवटच्या रचनेत तर वृंद चुकला आणि बेथोव्हेनने वादन थांबवून पुन्हा आरंभ करविला. पाचव्या कन्चेर्टोच्या पहिल्या वादनास पियानोवर दुसरा वादक बसला. इतके करून चौथा कन्चेर्टो लोक विसरले. १८३६ साली मेंडेल्सनने तो लाइप्सिक येथे पुन्हा वाजविला, तेव्हा त्याचा उद्धार झाला.

जमशेद भाभा नाट्यगृहात सुमारे अकराशे लोक बसतात. दिवे मंद होण्यापूर्वी अग्रवादकाने पियानोची एक पट्टी दाबली आणि सर्व वादकांनी त्या सुराशी आपापली वाद्ये मिळविली. व्हायोलिनच्या खुंट्या पिळता येतात, पियानो मात्र तेथल्या तेथे पिळता येत नाही. म्हणून ज्यास बदलता येत नाही त्याचा सूर बाकीचे घेतात. हे आम्ही मुलांस कानात सांगितले.

कन्चेर्टोचा आरंभ त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वृंदाने व्हावयाचा. येथे तसे होत नाही. पियानो एकटाच पाच मात्राखंडांपुरते, अगदी हलक्या आवाजात, काहीतरी विचारल्यासारखे वाजवितो व थांबतो. आणि व्हायोलिने त्यास उत्तर देतात ते एका निराळ्याच, दूरच्या स्वरस्थानातून. मग बराच वेळ पियानो स्तब्ध. पहिला खंड सुमारे अठरा मिनिटांचा. त्याच्या अखेरीस वृंद थांबतो, वादक एकटाच आपले कौशल्य दाखवितो, आणि मग सर्व मिळून मोठ्या जोमाने शेवट करितात.

तो शेवट झाला आणि धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने टाळी वाजविली. एकदाच नव्हे; दोन्ही हातांनी, मनापासून, चारपाच वेळा. अकराशे लोकांत ती एकच टाळी होती. पुढच्या रांगेतील माना वळल्या. आम्ही वाकून त्याचे मनगट धरले. खंडांच्या मध्ये टाळी वाजवावयाची नाही, हे आम्ही गाडीत दोनदा सांगितले होते. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले व तो समोर पाहू लागला. या मुलाचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवितात, हे आम्हांस ठाऊक होते, आणि त्या क्षणी त्याचे मनगट ज्या घाईने आम्ही धरले तीत शिस्तीपेक्षा स्वतःच्या लाजेचा भाग अधिक होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

दुसरा खंड लगेच सुरू झाला. तो केवळ ७२ मात्राखंडांचा, पाचेक मिनिटांचा आहे. यात फुंकवाद्ये नाहीत, टिंपनी नाही. फक्त तंतुवाद्ये व पियानो. तंतुवाद्ये सर्व एकाच ओळीत, कठोर, तुटक, दरडावल्यासारखी बोलतात. पियानो उत्तर देतो ते इतके हळू, की शेवटच्या रांगेतील माणसानेही श्वास धरावा. ते पुन्हा दरडावतात. तो पुन्हा तितकाच हळू. आवाज चढवून उत्तर देण्याची शक्ती त्या नऊ फुटी वाद्यात आहे, हे पहिल्या खंडात सर्वांनी ऐकलेले असते. तो ती वापरीत नाही. बेथोव्हेनने येथे पियानोवाल्यास डावे पायदान दाबून ठेवावयास सांगितले आहे. त्याच्या काळच्या पियानोत या पायदानाने हातोडी सरकून तीनऐवजी एकाच तारेवर पडे. म्हणजे आधीच मरणाऱ्या सुराचे दोन तृतीयांश बळही त्याने काढून घेतले. हळूहळू तंतुवाद्यांचे बोलणे आखूड होते, आवाज उतरतो आणि शेवटी ती पियानोच्याच हळूपणात येऊन मिळतात. मध्ये एकदा मात्र, वृंद गप्प झाल्यावर, पियानो तिन्ही तारा मोकळ्या करून एक दीर्घ कंप घेतो. ते आक्रंदन आहे. आणि तेही तो सर्व निवल्यावर करतो, भांडणाच्या भरात करीत नाही.

एकोणिसाव्या शतकातील जर्मन टीकाकारांनी यात ऑर्फियसची ग्रीक कथा पाहिली: आपल्या वाद्याने पाताळातील क्रूर देवतांस निवविणारा गायक. बेथोव्हेनने स्वतः असे कोठे लिहून ठेवलेले नाही. आम्हांस तेथे बसल्या बसल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील सोळावा अध्याय आठवला. शौल राजास दुरात्मा पछाडी तेव्हा मेंढपाळ दावीद येऊन वीणा वाजवी आणि राजास चैन पडे. मात्र पुढे त्याच राजाने दाविदावर भाला फेकला, हेही त्याच पुस्तकात आहे. संगीताने कठोर मन कायमचे बदलते, असा दावा शास्त्रही करीत नाही.

तिसरा खंड न थांबता सुरू होतो. तो खेळकर आहे आणि त्यात ट्रंपेट व टिंपनी प्रथमच ऐकू येतात. सर्व संपल्यावर सभागृह उभे राहिले. टाळ्यांचा कडकडाट पुष्कळ वेळ चालला. धुळ्याचा विद्यार्थी उभा राहिला, पण त्याचे हात बाजूस लोंबत होते. आता वाजव, असे आम्ही खुणेने सांगितले. त्याने मान हलविली. मध्यंतरानंतर द्वोर्झाकची १८९३ सालची ‘नवजगत’ सिंफनी झाली. तीही उत्तम होती, परंतु आमचे लक्ष त्या दोन हातांकडे होते, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

रात्रीच्या गाडीत बहुतेक मुले झोपली. मनमाड गेल्यावर तो विद्यार्थी खिडकीशी जागाच दिसला. आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि त्यास सांगितले की १८१३ साली बेथोव्हेनची सातवी सिंफनी व्हिएन्नात प्रथम वाजली तेव्हा तिचा दुसरा खंड लोकांस इतका आवडला की त्यांनी तो तेथल्या तेथे पुन्हा वाजवावयास लावला. त्या काळी लोक मध्येच टाळ्या वाजवीत आणि वाजविणाऱ्यांस ते आवडे. गप्प बसण्याचा नियम नंतरचा आहे. रचना त्याहून जुनी आहे. “तुझी टाळी चुकीची नव्हती,” आम्ही म्हणालो, “आमचे मनगट धरणे चुकीचे होते. आम्हांस क्षमा कर.”

त्याने आमच्याकडे पाहिले आणि काही उत्तर दिले नाही. काही वेळाने तो म्हणाला, “सर, ते दुसरं वाजत होतं ना, तेव्हा क्लॅरिनेटवाले दोघं काहीच वाजवत नव्हते. वाद्य मांडीवर घेऊन बसले होते.”

आम्ही म्हणालो, “त्या खंडात त्यांस काम नाही. ते ऐकत होते.”

“मी त्यांच्याकडेच बघत होतो,” तो म्हणाला. “बाबांना वरातीत थांबायला मिळतच नाही. एक गाणं संपलं की लगेच दुसरं. घरी येतात तेव्हा ओठ सुजलेले असतात.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “त्या दोघांना न वाजवण्याचेही पैसे मिळतात का?”

मिळतात, असे आम्ही सांगितले. तो हसला. चाळीसगावला पहाटे गाडी थांबली, धुळ्याची मुले आपापल्या पिशव्या घेऊन उतरली. तो सर्वांच्या शेवटी उतरला आणि फलाटावरून, गाडी हलेपर्यंत, आमच्या डब्याकडे तोंड करून टाळ्या वाजवीत उभा राहिला.